बुजवलेलं बंदर मोकळं करायचं तर: पंपाला हात लावण्याआधी आणि नंतर

नौकानयनाच्या विद्यार्थ्यांना मी दरवर्षी एक कागदी बंदर देतो. शत्रूने जाता जाता आत सात जहाजं बुडवली आहेत, एक तरंगती गोदी (दुरुस्तीसाठी जहाज पाण्याबाहेर उचलणारा तरता मंच) तळाला बसली आहे, धक्क्यावरच्या क्रेन पाण्यात लोटल्या आहेत आणि सुरुंग किती पेरलेत ते कुणालाच ठाऊक नाही. हाताशी दोन टग (जहाज ओढणाऱ्या बोटी), चार पंप, दोन काँप्रेसर आणि सहा पाणबुडे. करा आराखडा. बहुतेक उत्तरांची पहिली ओळ ठरलेली: 'पंप लावून जहाजातील पाणी उपसावे.'

पंपाची पाळी खूप उशिरा येते. आधीची कामं चुकली तर पंपाने फक्त समुद्र समुद्रात ओतला जातो, आणि कधी कधी सरळ बसलेलं जहाज आडवं होतं. म्हणून हा क्रम एकदा सविस्तर लिहून ठेवतो. उदाहरणं बहुतेक दुसऱ्या महायुद्धातली आहेत, कारण या कामातली जवळजवळ प्रत्येक चूक तेव्हा कुणी ना कुणी करून ठेवली आहे.

टप्पा १: माणूस पाण्यात उतरवण्याआधी सुरुंग

बुडालेलं जहाज पळून जात नाही, त्यामुळे घाई सुरुंगांची करायची. आधी प्रवेशमार्ग, मग जहाजं फिरवायची जागा, मग धक्क्यालगतची पट्टी.

इथली नेहमीची चूक म्हणजे एकदा झाडून काढलं की मार्ग साफ समजणं. चुंबकीय आणि ध्वनीवर चालणाऱ्या सुरुंगांत मोजणी-यंत्र बसवता येतं. पहिली काही जहाजं ते निवांत जाऊ देतं आणि पुढच्या जहाजाखाली फुटतं. काहींत घड्याळ असतं, ते कित्येक दिवस सुरुंगाला झोपवून ठेवतं. १९४४च्या जूनअखेर फ्रान्समधलं शेरबूर बंदर दोस्तांच्या हाती आलं तेव्हा तिथे हे सगळे प्रकार होते. दोन्ही जातींच्या सुरुंगांसाठी रोज सकाळी आठ-आठ फेऱ्या, त्याही सलग ८५ दिवस माराव्या लागल्या. अर्थात ८५ दिवस बंदर बंद ठेवलं नाही. पहिला माल १६ जुलैला उतरला आणि झाडणी पुढे चालूच राहिली. आराखड्यात सुरुंगझाडणी रोजचं काम म्हणून शेवटच्या पानापर्यंत दिसली पाहिजे.

दुसरी चूक: सुरुंग फक्त पाण्यात शोधणं. तांबड्या समुद्रावरच्या मासावा बंदरात इटालियनांनी १९४१मध्ये जहाजं बुडवली, त्यांपैकी 'ब्रेंटा'च्या होल्डमध्ये, म्हणजे माल ठेवायच्या तळघरात, पाणसुरुंग ठेवलेला निघाला. तिथल्या मोठ्या तरंगत्या गोदीच्या कप्प्याकप्प्यांत बॉम्ब ठेवले होते आणि त्यातला एक फुटलाच नव्हता.

सावधान: प्रत्येक बंद होल्ड सुरुंग असल्यासारखाच उघडायचा. पहिल्या पाणबुड्याने फक्त पाहून यायचं, काहीही हलवायचं नाही.

टप्पा २: मोजणी, आणि प्रत्येक जहाजाचं एक कार्ड

धक्क्यावरून पाहून आराखडा करू नका. पाण्याबाहेर डोलकाठी दिसते म्हणून जहाज सरळ उभं असेलच असं नाही.

प्रत्येक जहाजाला एक कार्ड करा. त्यावर इतकं हवं: तळ वाळूचा, चिखलाचा की खडकाचा, जहाज कुठल्या बाजूला किती अंश कललंय, मुख्य डेकवर भरतीला आणि ओहोटीला किती पाणी, होल्डमध्ये काय माल, तेलाच्या टाक्या भरलेल्या की रिकाम्या, आणि भोकं किती, कुठे, केवढी.

भोकांबद्दल जरा थांबून सांगतो. गढूळ पाण्यात पाणबुड्याला दिसत नाही, तो हाताने वाचतो. बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर सोव्हिएत नौदलाने १९७२ ते १९७४ या काळात चितगाव बंदर मोकळं केलं. कर्णफुली नदीच्या गाळात त्यांचं बरंचसं काम असं चाचपूनच झालं. पाणबुड्याजवळ हातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी द्या. एक टोक ओळखीच्या जागी, म्हणजे सुकाणूला किंवा एखाद्या चौकटीला बांधा, आणि तिथून गाठी मोजत त्याला जाऊ द्या. भोकाशी पोहोचल्यावर पहिला प्रश्न 'केवढं आहे?' हा नव्हे. पहिला प्रश्न 'कडा कुठे वळल्या आहेत?' आत वळल्या असतील तर स्फोट बाहेर झाला. बाहेर वळल्या असतील तर आतून स्फोटकं लावून मुद्दाम बुडवलंय, आणि अशा फुललेल्या पत्र्यावर सपाट पॅच बसतच नाही. तिथे पेटीच्या आकाराचा पॅच लागतो किंवा कडा कापाव्या लागतात. चार दिवसांचा फरक या एका उत्तरावर पडतो.

भोक असतंच असंही नाही. इंजिनरूममधले समुद्राचे वॉल्व्ह उघडून, त्यांची झाकणं काढून फेकून देऊनही जहाज बुडवतात. बाहेरून पत्रा धड दिसतो आणि विद्यार्थी कार्डावर 'नुकसान नाही' असं लिहून मोकळे होतात.

तपासा: एकाच जहाजाची मोजणी दोन वेगवेगळ्या पाणबुड्यांनी केली आहे का? दोघांची उत्तरं जुळेपर्यंत पॅच कापायला घेऊ नका.

टप्पा ३: कुठलं जहाज आधी, आणि कुठलं कधीच नाही

काम बंदर उघडायचं आहे. जहाज वाचवणं हा वरचा नफा. हे एकदा डोक्यात बसलं की क्रम आपोआप बदलतो. सर्वांत मौल्यवान जहाज आधी नको, सर्वांत जास्त धक्का अडवणारं आधी. दोन जहाजं एकमेकांवर असतील तर वरचं आधी, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते.

काही जहाजांना हातच लावायचा नाही. १ ऑक्टोबर १९४३ला दोस्त सैन्य नेपल्समध्ये शिरलं तेव्हा धक्क्यांना चिकटून जहाजं बुडवलेली होती. अमेरिकन इंजिनिअरांनी त्यांतल्या कित्येकांवरून धक्क्यापासून थेट फलाट बांधले. बुडालेलं जहाज तळाशी, त्यावर लाकूड-पोलादाचा मांडव, आणि त्या मांडवाच्या कडेला नवं जहाज लागलेलं. शत्रूने दिलेला अडथळा खांबासारखा वापरला. हा उपाय परीक्षेत कुणी लिहिला तर मी त्याला हमखास चांगले गुण देतो.

जमिनीवरचा पसाराही यादीत धरा. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे दारूगोळ्याचं जहाज फुटलं. ते शत्रूचं काम नव्हतं, पण बंदर तसंच बुजलं. 'जलपद्म' जहाजाचा मागचा भाग उडून शेडवर जाऊन बसला. सुमारे पाच लाख टन ढिगारा उपसायला आठ हजार माणसांना सात महिने लागले. गोदीतलं पाणी मोकळं झालं तरी शेड कोसळलेलं आणि रस्ता तुंबलेला असेल तर माल जाणार कुठे? ('फोर्ट स्टिकिन'वरच्या सोन्याच्या विटा मात्र गाळात पुढे कित्येक दशकं सापडत राहिल्या.)

टप्पा ४: हलकं करणं आणि हवा तपासणं

आधी दारूगोळा, मग सुटा माल, मग डेकवरचं जड सामान. वरचं वजन उतरवलं की उचल कमी लागते आणि जहाज उलटण्याचा धोकाही घटतो. तेल पंपाने बार्जमध्ये, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होडीत घ्या. बंदरात सोडलंत तर पुढचे महिनाभर पाणबुडे त्यातूनच वर येणार, आणि वेल्डिंगची ठिणगी त्याच्यावरच पडणार.

आता गॅस. बंद कप्प्यात मांस, धान्य, कागद कुजतात आणि हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. 'वास गेला, आता चला आत' हे म्हणणारा माणूस पुढच्या मिनिटाला खाली पडलेला असतो. पर्ल हार्बरला 'नेव्हाडा' युद्धनौकेवर फेब्रुवारी १९४२मध्ये याच गॅसने दोघे गेले. त्याच बंदरात एप्रिलमध्ये 'कॅलिफोर्निया'वर साचलेल्या ज्वलनशील वायूचा स्फोट होऊन बंदोबस्त केलेल्या जागी पुन्हा पाणी शिरलं.

सावधान: कप्पा उघडला की आधी वारा खेळवा, मग मोजमाप, मग माणूस. वाचवायला जाणारा दुसरा माणूस श्वसनयंत्राशिवाय कधीही नाही. बळी अनेकदा त्याचाच जातो.

टप्पा ५: भोकं बुजवणं

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पॅच किती मजबूत हवा हे अंदाजाने ठरवू नका, गणित सोपं आहे. समुद्राचं पाणी घनमीटरला साधारण १.०२५ टन. दोन मीटर बाय दीड मीटरचं भोक आठ मीटर खोलीवर आहे, म्हणजे तीन चौरस मीटर गुणिले आठ गुणिले १.०२५, जवळजवळ पंचवीस टन. आतलं पाणी उपसून झालं की मालाने लादलेला ट्रक त्या पॅचवर उभा आहे असं समजा. नुसत्या फळ्या ठोकून भागत नाही, मागे पोलादी आडव्या पट्ट्या हव्यात.

पॅच शक्यतो बाहेरून लावा. बाहेरचा पॅच समुद्र स्वतःच दाबून धरतो, आतून लावलेला तोच समुद्र ढकलून काढतो. कडेला कॅनव्हासमध्ये गुंडाळलेला काथ्या किंवा कापसासारखं मऊ भरण घाला, हुक-बोल्टने ओढून घ्या. कडा वाकड्या असतील तर पेटीत सिमेंट काँक्रीट ओता.

डेक कायम पाण्याखाली असेल तर भोकं बुजवूनही काम अर्धंच राहतं. प्रत्येक हॅचभोवती (डेकवरच्या मालाच्या तोंडाभोवती) उंच भिंत, म्हणजे कॉफरडॅम बांधावा लागतो, आणि तिची वरची कड उधाणाच्या भरतीच्याही वर हवी. नेहमीच्या भरतीचा आकडा घेऊन बांधलेली भिंत अमावस्येला पाणी पिते.

बारीक गळत्यांसाठी जुनी युक्ती अजून चालते. आतून थोडं उपसायला लागा आणि बाहेरून फटीजवळ लाकडाचा भुसा सोडा. पाणी त्याला ओढून नेतं, तो फटीत फुगतो आणि गळती बसते.

सावधान: उपसा चालू असताना पाणबुडा भोकाजवळ नको. हाताच्या पंजाएवढ्या फटीवरही दाबाचा फरक माणसाला चिकटवून ठेवतो, आणि तो वरून ओढून सुटत नाही. आधी पंप बंद, मग पाणबुडा खाली.

पाण्याखाली पत्रा कापतानाही हेच भान ठेवा. कापणीतून निघालेला हायड्रोजन आणि न जळलेला ऑक्सिजन वरच्या पत्र्याखाली कोंडून बसतो. वर आधी वाट पाडून द्या, नाहीतर तुमचीच ठिणगी त्याला पेटवते.

टप्पा ६: उचलायची पद्धत

आता कुठे पंपाचा प्रश्न आला. पण इथेही पंप हा चारांपैकी एक पर्याय आहे.

पंप: भोकं नीट बुजली असतील आणि डेक किंवा कॉफरडॅम पाण्यावर असेल तर. सगळ्यांची चूक एकच. साधा पंप पाणी ओढतो ते वातावरणाच्या दाबावर, आणि प्रत्यक्षात साडेसहा-सात मीटरच्या वर ओढत नाही. पाण्याची पातळी खाली गेली की डेकवरचा पंप नुसता घरघरतो. पंप पायरीपायरीने खाली उतरवायची व्यवस्था आधीच करा, किंवा बुडीत पंप वापरा.

दाबाची हवा: भोकं तळाला असतील तर. घरी करून पाहा. स्टीलचा पेला पालथा धरून बादलीत दाबा. पेल्याचं तोंड उघडंच आहे, तरी हवा जात नाही. मासावाच्या मोठ्या तरंगत्या गोदीचा तळ बॉम्बने फोडला होता, म्हणून ती निकामी धरली गेली होती. १९४२च्या मे महिन्यात अमेरिकन नौदलाचे अधिकारी एडवर्ड एल्सबर्ग यांनी तळाची भोकं तशीच सोडून हवा भरली आणि नऊ दिवसांत गोदी वर आणली. पण पेल्याचं बूड शाबूत होतं हे विसरू नका. वरचा पत्रा हवाबंद हवाच, आणि तो उलट दिशेने ताण सोसायला हवा. कप्प्याचं छत पाच मीटरवर आणि भोक बारा मीटरवर असेल तर आतली हवा बारा मीटरच्या दाबाची असते. छतावर चौरस मीटरला सात टन खालून वर. डेक वरच्या मालासाठी बांधलेला असतो, खालून ढकललं तर फुगून सांधे उघडतात.

भरती: ही आपल्याकडच्या लोकांना सर्वांत लवकर कळते. ओहोटीला जहाजाखालून वायर घालून दोन्ही बाजूंच्या बार्जना ताणून बांधायच्या, भरतीने बार्ज चढल्या की जहाज तळ सोडतं. मग उथळाकडे ओढत न्यायचं, टेकलं की पुढच्या ओहोटीला वायर आखूड करायच्या. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरहून अधिक चढतं-उतरतं, मासावाला मीटरभर, नेपल्सला जेमतेम हातभर. म्हणून एका बंदराचा आराखडा दुसऱ्याला चिकटवता येत नाही. शिवाय चार मीटर भरतीत चार मीटर उचल मिळत नाही. बार्ज आधी वजनाने खाली बसते, वायर ताणते, मीटरभर तिथेच जातो.

आणि वेळापत्रक भांगापासून, म्हणजे सर्वांत कमी चढ-उताराच्या भरतीपासून, उधाणाकडे आखा. उधाणाच्याच दिवशी सुरुवात करणारे फार आहेत. पहिल्या दिवशी जोरदार उचल मिळते, जहाज उथळात जाऊन टेकतं, आणि त्यानंतरची प्रत्येक भरती आधीच्यापेक्षा कमी. दहा-बारा दिवस ते तिथेच बसून राहतं, कदाचित आधीपेक्षा वाईट जागी. कोकणातला कुठलाही तांडेल ही चूक करणार नाही.

विंच आणि उचल-जहाजं: आडवं झालेलं जहाज आधी सरळ करायचं. पर्ल हार्बरला उलटलेलं 'ओक्लाहोमा' हे युद्धजहाज १९४३मध्ये मार्च ते जून तिथल्या फोर्ड बेटावरच्या २१ विंचनी (दोर गुंडाळणाऱ्या यंत्रांनी) ओढून सरळ केलं. त्यात शिकण्यासारखं हे की आधी तळाशी भराव टाकला, म्हणजे जहाज घसरत किनाऱ्याकडे न येता जागच्या जागी वळावं. सुएझ कालवा १९५७मध्ये मोकळा करताना 'एनर्गी' आणि 'आउसडाउअर' ही जर्मन उचल-जहाजं वापरली होती. अशी यंत्रं हाताशी असतील तर उत्तम, पण विद्यार्थ्यांच्या कागदी बंदरात मी ती मुद्दाम देत नाही.

टप्पा ७: उचलण्याचा दिवस

परातीत दोन बोटं पाणी घेऊन चालून बघा. हात किंचित कलला की सगळं पाणी त्या कडेला धावतं आणि परात आणखी कलते. अर्धवट उपसलेला रुंद होल्ड म्हणजे हीच परात, फक्त हजार टनांची. न्यूयॉर्कच्या धक्क्याला फेब्रुवारी १९४२मध्ये 'लाफाएट', म्हणजे आधीचं 'नॉर्मांडी', जळालं. आग विझवायला वरच्या मजल्यांवर इतकं पाणी ओतलं गेलं की ते रातोरात कुशीवर झालं. तळाला भोक पडलं नव्हतं. ते सरळ करायला १९४३ उजाडलं.

म्हणून क्रम असा:

१. आधी तासभर चाचणी-उपसा. आतली पातळी खाली येते का? बाहेरच्या भरतीबरोबर आतलं पाणी वर-खाली होत असेल तर एखादं भोक राहिलंय. थांबा, टप्पा पाचवर परत.

२. एका वेळी एक कप्पा पूर्ण रिकामा. सगळे थोडे थोडे उपसू नका. अरुंद कप्पे आधी.

३. एक टोक आधी वर आणा. दुसरं तळावर टेकलेलं असेपर्यंत जहाजाला आधार असतो. दोन्ही टोकं एकदम सुटली की कललेलं जहाज वाटेल त्या बाजूला लोळतं.

४. चिखल धरून ठेवतो हे गणितात धरा. गणिताने तरंगायला हवं ते जहाज तरंगत नाही, म्हणून घाईने आणखी उपसलं की चिखल एकाएकी सुटतो आणि जहाज उसळी मारून वर येतं. आणखी उपसण्याऐवजी तळाखाली पाण्याचा झोत मारून चिखल सैल करा.

५. हवेने उचलत असाल तर हवा सोडायच्या वॉल्व्हवर माणूस हवाच. जहाज वर येतं तसा बाहेरचा दाब घटतो, आतली हवा फुगते आणि उचल आपोआप वाढत जाते. एकदा सुटलं की ते तुमचं ऐकत नाही.

तपासा: कल मोजायला लंबक टांगलाय का, आणि दर पंधरा मिनिटांनी कुणीतरी आकडा लिहितोय का? कल वाढतोय हे डोळ्यांना कळतं तेव्हा उशीर झालेला असतो.

टप्पा ८: तरंगल्यावर

इथे सगळे पंप बंद करून जेवायला जातात. पंप चालू ठेवा. पॅचवर आत्ता पूर्ण भार आलाय, बोल्ट आत्ता सैल होतील. जहाज कुठे न्यायचं ते आधी ठरलेलं हवं: उथळ वाळूची जागा किंवा गोदी. वाटेत बुडालंच तर मार्गाच्या मधोमध बुडू नये अशी वाट निवडा. प्रवेशमार्गातून न्यावंच लागलं तर दोन्ही टग लावा, आणि भरती चढती असताना न्या, म्हणजे टेकलं तरी पुढच्या तासात सुटेल.

मग रिकाम्या जागी परत पाणबुडा. जहाजाखाली दुसरं काहीतरी असतंच: क्रेनचा दांडा, नांगराची साखळी, क्वचित न फुटलेला सुरुंग. दोन होड्यांमध्ये ठरलेल्या खोलीवर वायर ताणून ती पूर्ण जागेवरून ओढा. वायर कुठेही अडकली नाही तरच त्या धक्क्यावर खोलीचा आकडा लिहा, आणि तो ओहोटीच्या पाण्याचा लिहा.